पर्थ ते लंडन : अंतर आणि अवधी

पर्थहून लंडनला कोठेही न उतरता जाणारे बोइंग ७८७-९ विमान, जे क्वांटास कंपनीने मार्च २०१८ मध्ये या मार्गावर प्रथम सोडले, सुमारे १४,५०० किलोमीटरांची मजल साधारण १७ तासांत मारते. मात्र हे अंतर पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजलेले असून प्रत्यक्ष मार्ग वाऱ्याच्या आणि वर्ज्य आकाशहद्दींच्या मुलाहिज्याने नित्य बदलतो, हे नुसत्या तक्त्यावर विसंबणाऱ्याने ध्यानात घ्यावे. एप्रिल २०२४ मध्ये इराणचे आकाश टाळणे भाग पडले, तेव्हा वाढलेल्या वळशामुळे लंडनकडे जाणाऱ्या विमानास इंधनासाठी सिंगापूरला उतरावे लागले, परंतु परतीचे विमान, पश्चिमेचे वेगवान वारे पाठीशी असल्यामुळे, थेट पर्थला येत राहिले.

याच कंपनीने डिसेंबर १९४७ मध्ये सिडनी-लंडन सेवा सुरू केली, तेव्हा डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो, त्रिपोली असे दरकूच दरमजल करीत लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमानास चार दिवस लागत, त्यांपैकी सुमारे ५५ तास आकाशात. सिंगापूर आणि कैरो येथे रात्रीचा मुक्काम असे, आणि निदान या एका बाबतीत तरी ते उतारू आजच्यांहून सुखी होते, असे माझे प्रांजळ मत आहे.