वजनकाटा, संगणक व उसाची पावती

आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यांत लोणी येथें प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ सालीं झाला. ऊसकरी शेतकऱ्याच्या वर्षभराच्या श्रमाचा हिशोब तेव्हांही काट्यावर ठरत असे, आजही तेथेंच ठरतो. मात्र आतां बहुतेक ठिकाणीं वजनाची नोंद संगणकांतील आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, करतें. तिची परीक्षा कशी व्हावी, हें आमच्या शेतकरी बंधूंस ठाऊक असणें अगत्याचें आहे.

काट्याच्या फलाटाखालीं लोडसेल नांवाचे पोलादी ठोकळे असतात. गाडीच्या भारानें ते किंचित् दबतात व त्यांच्या विद्युद्दाबांत सूक्ष्म फरक पडतो. शेजारचा दर्शक त्या फरकावरून किलोचा आंकडा दाखवितो आणि तोच आंकडा तारेनें वारंवार संगणकाकडे पाठवितो. भरल्या गाडीच्या वजनांतून रिकाम्या गाडीचें वजन वजा करून पावती छापली जाते.

आज्ञावली लिहिणारा प्रथम काट्यावांचूनच तिची परीक्षा घेतो; दुसरा संगणक काट्याचें सोंग घेऊन आंकडे पाठवितो. हें सोयीचें खरें. परंतु सोंग शिकविलें तेवढेंच बोलतें. खऱ्या तारेंत १८५४० हा आंकडा तुटून १८५४ असा पोंचूं शकतो. म्हणून संदेशाच्या आरंभीं व शेवटीं खूण असावी, आणि ती न आढळल्यास आज्ञावलीनें तो आंकडा टाकून द्यावा. गाडी डोलत असतांनाही पावती निघतां कामा नये.

सर्वांत मोठा धोका तार निसटण्याचा. नवा आंकडा येईनासा होतो, आणि सदोष आज्ञावली मागल्या गाडीचेंच वजन धरून बसते. समजा, मागली गाडी १८५४० किलोंची व पुढची २११४० किलोंची होती. तर दुसऱ्या शेतकऱ्याचा २६०० किलो ऊस मुकाट्यानें बुडाला!

यास्तव अखेरची परीक्षा खऱ्या काट्यावरच व्हावी. प्रमाणित वजनें चारी कोपऱ्यांवर ठेवून दर्शक व संगणक यांचे आंकडे ताडावे. काटा रिकामा होतांच दोन्हींकडे शून्य यावें. शेवटीं चालू कामांत मुद्दाम तार काढावी. त्याच क्षणीं पावती थांबली, तरच आज्ञावली विश्वासास पात्र समजावी.

२००९ च्या वैध मापन कायद्यान्वयें काट्याची पडताळणी होऊन त्यावर शिक्का बसतो. तो पाहावाच, परंतु तेवढ्यावर थांबूं नये. गाडी चढण्यापूर्वीं दर्शकावर शून्य आहे काय तें पाहावें, गाडी स्थिर झाल्यावर आंकडा टिपावा व पावतीशीं ताडावा. रिकामी गाडी परततांनाही तसेंच करावें. हंगामाच्या आरंभीं तार काढण्याची परीक्षा सभासदांच्या समक्ष व्हावी, अशी मागणी प्रत्येक गांवानें आपल्या कारखान्याकडे करावी, असें आम्ही सुचवितों.