आजीच्या मोळीतला उजेड

मैत्रिणींनो, पाऊस सुरू झाला की मला आजीची मोळी आठवते. आजी लग्न होऊन भीमाशंकरच्या जंगलालगतच्या गावात आली, तेव्हा अगदी कोवळी पोर. श्रावणात एकदा तिनं ओल्या लाकडांची मोळी पडवीत आणून टाकली. रात्री दिवा मालवला आणि लाकडं हिरवट चमकायला लागली! सासूबाई म्हणाल्या, "हिनंच काहीतरी बाहेरचं घरात आणलं." मोळी ओढ्यात गेली आणि आजी माहेरी. दोन महिन्यांनी आजोबा घ्यायला गेले, पण 'उजेडवाली' हे नाव तिला चिकटलं ते चिकटलंच.

मागच्या पावसाळ्यात लेकीला घेऊन मी त्याच गावी गेले. रात्री परसात बॅटरी बंद करून उभ्या राहिलो. आधी काहीच दिसेना. डोळे अंधाराला सरावले, तशी कुजक्या ओंडक्यावर चांदणं सांडल्यासारखं दिसायला लागलं. हात लावला, तर गार!

ही करणी आहे बुरशीची. अळंबी हे तिचं नुसतं फळ. खरी बुरशी लाकडात धाग्यांसारखी पसरलेली असते. काही जातींत ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य तयार होतं. एका एन्झाइमच्या मदतीनं त्याचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग झाला की थंड प्रकाश निघतो. लाकूड वाळलं की प्रकाशही जातो. म्हणून हा खेळ पावसाळ्यातला.

पण कशासाठी चमकायचं? ब्राझीलमधल्या अशाच एका अळंबीवरचा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. संशोधकांनी खोट्या अळंब्या करून काहींत हिरवे दिवे लावले. दिवेवाल्यांकडे किडे जास्त आले. अळंबीचे बीजाणू दूरवर न्यायला असे किडे उपयोगी पडतात. ती अळंबी रात्रीच जास्त उजळते, जणू तिच्या आत घड्याळच आहे! सगळ्याच जातींचं कारण हेच असेल असं मात्र नाही.

तुमच्याकडे असं लाकूड चमकलं तर घाबरू नका. ते तिथंच राहू द्या. आणि ती अळंबी चुकूनही कालवणात घालू नका हं!

परत आल्यावर आजीला सगळं सांगितलं. आता तिची नव्वदी जवळ आलीय. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी माझं काहीच चुकलं नव्हतं की गं."