अमूर्त चित्रातला रंग आणि आकार: काही गैरसमज

अमूर्त चित्रात डोंगर, चेहरा किंवा मूर्ती दडलेली असते आणि ती सापडली की चित्र कळले, हा सर्वांत रुजलेला गैरसमज. वासुदेव गायतोंडे (1924–2001) यांच्या चित्रांत असा शोध घेणारा रिकाम्या हाती परततो. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या या चित्रकाराच्या 1960 नंतरच्या बहुतेक कॅनव्हासना शीर्षकही नाही. त्यांवर अक्षरांसारख्या खुणा दिसतात, पण ती लिपी नव्हे. त्या वाचायच्या नसतात. त्या कुठे दाटतात, कुठे विरळ होतात, कोणती कड ठसठशीत आहे आणि कोणती रंगात विरघळते, मोकळी जागा त्यांना कशी तोलून धरते, हे पाहायचे असते. आकाराचा आस्वाद तो हाच.

रंगाबद्दलचा गैरसमज अधिक चिवट आहे: लाल म्हणजे राग, निळा म्हणजे शांती. रंगाला असा कायमचा अर्थ चिकटलेला नसतो, आणि त्याचे दिसणेही शेजारच्या रंगावर ठरते. पॅरिसच्या गोब्लाँ कारखान्यात भिंतीवर टांगायचे चित्रांकित पडदे विणले जात. तिथला काळा रंग फिका पडतो, अशी तक्रार होती. रंगाई विभागाचे प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांना रंगात खोट सापडली नाही. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा दुबळा भासत होता. त्यांचा या विषयावरचा ग्रंथ 1839 मध्ये प्रसिद्ध झाला. राखाडी ठिपका लाल पार्श्वभूमीवर हिरवट भासतो, तोही याच नियमाने. म्हणून एकेका रंगाचा अर्थ लावण्यापेक्षा दोन रंग एकमेकांचे काय करतात, हे न्याहाळणे फलदायी ठरते.

‘हे तर लहान मूलही काढेल’ हा शेरा कामाची पद्धत ठाऊक नसल्यामुळे येतो. गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवत, काही ठिकाणी ते खरवडून काढत. कागदाचे कापलेले तुकडे ओल्या रंगावर दाबून आकार उमटवत. वर्षाकाठी मोजकीच चित्रे पुरी होत. अपघाताला इथे वाव होता, पण काय ठेवायचे आणि काय पुसायचे हा निर्णय चित्रकाराचाच.

छापील प्रतीवरून किंवा मोबाइलच्या पडद्यावरून अशा चित्राची पारख करणे मात्र अन्यायाचे आहे. पारदर्शक थरांची खोली आणि पृष्ठभागाचा पोत तिथे हरवतो, आकारमानही कळत नाही. मूळ चित्रासमोर आधी लांबून एकूण तोल आणि मग जवळून थर पाहिले, की खालचा रंग वरच्यातून डोकावताना दिसू लागतो.