दुधाचा दर आणि वेताचे अंतर

पौषात खरसुंडीला सिद्धनाथाची यात्रा भरते, तेव्हा आटपाडी, माण, खटाव या दुष्काळी पट्ट्यातील खिलार जनावरे तेथे विक्रीस येतात. गिऱ्हाईक खोंडाची शिंगे पाहते, खूर पाहते, वशिंडावर हात ठेवते, दोन पावले चालवून बघते. या खोंडाची आई दूध किती देत होती, हा प्रश्न तेथे फारसा कोणी विचारीत नाही. याच मुलखातील एखाद्या दूध संकलन केंद्रावर सकाळी उभे राहावे, तर माप, फॅट आणि दर यांखेरीज दुसरे बोलणे कानावर पडत नाही. वासराची चौकशी तेथे कोणी करीत नाही. शेतकरी अनेकदा तोच असतो, पण दोन्ही बाजारांत ‘गाय’ या शब्दाचा अर्थ एक नसतो.

औंध संस्थान नकाशावर सलग नव्हते. औंध, आटपाडी, कुंडल आणि गुणदाळ असे त्याचे विखुरलेले तुकडे होते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. आज औंध सातारा जिल्ह्यात आहे, तर आटपाडी सांगली जिल्ह्यात. १९३८-३९ मधील ग्रामराज्याच्या प्रयोगासाठी या संस्थानाचे नाव घेतले जाते आणि ते यथार्थच आहे. परंतु त्याच्या मुलखाचे नाव पशुपैदाशीच्या ग्रंथांतही टिकून आहे. खिलार जातीच्या एका प्रकारास ‘आटपाडी महाल’ असेच म्हणतात. कमी पावसाच्या, खडकाळ माळाच्या प्रदेशात जलद चालणारा, कमी चाऱ्यावर तग धरणारा बैल हवा होता, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने धनगर व शेतकरी यांनी तो घडविला. खिलार गाय चार वर्षांच्या आसपास प्रथम विते, एका वेताला बहुधा पाचशे लिटर दूधही देत नाही आणि त्यातले पुष्कळसे वासरूच पिते. आजच्या दृष्टीने हा आतबट्ट्याचा व्यवहार वाटेल. पण तो तसा नव्हता. दूध हा खोंड वाढविण्याचा खर्च होता. विकावयाचा माल खोंड होता.

हे गणित उलटे झाले ते गेल्या अर्धशतकात. १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे ‘बाएफ’ची स्थापना केली, १९७० मध्ये देशात दुधाचा महापूर योजना सुरू झाली, आणि होल्स्टिन व जर्सी यांच्या गोठविलेल्या रेतमात्रा खेडोपाडी पोहोचू लागल्या. ट्रॅक्टरने बैलाचे काम कमी केले ते निराळेच. आता माल दूध झाला आणि वासरू हा तो माल मिळविण्यासाठी करावा लागणारा खर्च. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती दर दहा दिवसांनी रोख पैसा पडू लागला, ही गोष्ट लहान नव्हे. संकरित गाईला नावे ठेवणाऱ्यांनी त्या पैशावर किती मुलांच्या शाळेच्या फिया भरल्या गेल्या, हेही पाहावयास हवे.

तथापि एक गोष्ट बदलली नाही. गाय व्याल्याशिवाय दूध देत नाही. शहरात पिशवीतले दूध घेणाऱ्यास याचे विस्मरण होणे स्वाभाविक आहे; धोरण ठरविणाऱ्यांस मात्र ते होता कामा नये. गाय सुमारे २८० दिवस गाभण राहते. व्याल्यानंतर तीन-चार महिन्यांत ती पुन्हा गाभण राहिली, तर दोन वेतांतील अंतर तेरा महिन्यांच्या आत राहते. यासाठी माज ओळखावा लागतो. तो साधारणपणे एकवीस दिवसांनी येतो आणि दिवसभरही टिकेलच असे नाही. अनेकदा रात्रीच येऊन ओसरतो. गाय हंबरते, दूध चोरते, काचेसारखा सोट टाकते. उन्हाळ्यात होल्स्टिनच्या गाईत ही लक्षणे इतकी मंद होतात की त्यास मुका माज म्हणतात. सकाळी माज दिसला तर सायंकाळी, सायंकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी रेतन करावे, असा साधा नियम आहे. पण तो पाळण्यासाठी गोठ्यात कोणाचे तरी लक्ष हवे (ते बहुधा घरातील बाईचे असते, आणि दुधाचे खाते बहुधा पुरुषाच्या नावे) आणि रेतन करणारा वेळेवर यावयास हवा. एक माज हुकला की एकवीस दिवस गेले. गाय उलटली की आणखी एकवीस.

या दिवसांची किंमत काढून पाहण्यासारखी आहे. समजा, एक गाय वेताला ३,००० लिटर दूध देते. ती दर तेरा महिन्यांनी विते, तर महिन्याला सरासरी २३० लिटर पडतात. तीच गाय अठरा महिन्यांनी विऊ लागली, तर सरासरी १६७ लिटरवर येते. लांबलेल्या वेतात थोडे दूध अधिक निघते हे खरे. पण ते आटत चाललेले दूध असते आणि पेंडीचा खर्चही त्यातून जेमतेम भागतो. लिटरला ३५ रुपये दर धरला, तर ही तूट भरून काढण्यासाठी तो ४८ रुपयांच्या पुढे जावा लागेल. दरासाठी आंदोलने होतात, आणि व्हावीत. जून २०१७ च्या शेतकरी संपात रस्त्यावर ओतलेले दूध सर्वांनी पाहिले. लिटरमागे तेरा रुपयांइतका हा तोटा मात्र गोठ्यातच जिरतो. त्याचा मोर्चा निघत नाही.

दुष्काळी तालुक्यांत तो अधिकच खोल जातो. २०१२-१३ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये या भागात चारा छावण्या उघडल्या. जनावरे जगली, हे त्यांचे यश होय. पण अंगावरचे मांस उतरलेली गाय माजावर येत नाही. निसर्ग प्रथम तिचा जीव राखतो, वंशाचे मग बघतो. म्हणजे छावणी उठते, शासनाचा हिशेब पुरा होतो, आणि शेतकऱ्याचा दुष्काळ पुढील वर्षी लांबलेल्या वेताच्या रूपाने सुरू होतो. दुष्काळाच्या नुकसानीत त्याची नोंद होत नाही.

आणि वासरू? पहिल्या काही तासांत त्याच्या पोटात वजनाच्या दशांशाइतका चीक जाणे अगत्याचे असते, कारण रोगप्रतिकाराची शक्ती त्याला त्यातूनच मिळते. खरवसाची आवड मराठी माणसाला कितीही असली तरी पहिला हक्क त्याचा. कालवड असेल तर हा हक्क सहसा पाळला जातो. संकरित गोऱ्हा असेल तर मन कचरते. वशिंड पुरेसे नसल्याने त्याच्या मानेवर जू नीट बसत नाही, उन्हात तो टिकत नाही. १९९५ मध्ये विधिमंडळाने संमत केलेल्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि गाईबरोबरच बैल व वळू यांच्या हत्येवरही राज्यात बंदी आली. कायद्यामागील भावना कोणतीही असो, त्या गोऱ्ह्याच्या चाऱ्याचा भार दोन गाईंच्या मालकावर पडला. लिंगनिश्चित रेतमात्रेने दहांतील नऊ वासरे कालवडी होऊ शकतात, हा त्यावर खरा उतारा आहे. पण ती महाग असते आणि गाभण राहण्याचे प्रमाणही तिने काहीसे घटते. म्हणजे पुन्हा वेताच्या अंतराचाच प्रश्न. देशातील गाय-बैलांची संख्या २०१९ च्या पशुगणनेत १९ कोटी २५ लाख होती, आणि त्यांत माद्या १४ कोटी ५१ लाख. नर कोठे गेले, हे त्या तक्त्यातूनच उमगते. शर्यतींना २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाट मोकळी करून दिल्यापासून खिलार खोंडाला पुन्हा भाव आला आहे खरा. पण शर्यत जिंकणारे बैल थोडे, आणि चारा सर्वांनाच लागतो.

संकलन केंद्रावर दुधाची फॅट दशांशापर्यंत मोजली जाते आणि तिची पावतीही मिळते. गाईच्या कानात आता बारा आकडी बिल्ला आहे, त्या आकड्यावर रेतनाची नोंद करण्याची सोयही आहे. त्याच पावतीवर गाय कधी व्याली, रेतन कधी झाले आणि गाभण तपासणी कधी करावयाची, या तीन तारखा छापण्यास फार खर्च येणार नाही. रेतनानंतर तीन महिन्यांनी गाय रिकामी आढळली, तर निदान त्या दिवसापासून उपाय सुरू करता येतो. आज अनेक ठिकाणी ती रिकामी असल्याचे कळते, ते दूध आटल्यावर.