दहा डॉलर आणि तीन तास

१९६७ सालची न्यूयॉर्कमधली गोष्ट. डब्ल्यूबीएआय या रेडिओ केंद्रावर रात्री उशिरा बॉब फास नावाचा निवेदक ‘रेडिओ अननेमेबल’ हा कार्यक्रम करायचा. तिथे आर्लो गथ्री या पोरसवदा गायकाने ‘अ‍ॅलिसेज रेस्टॉरंट’ हे निम्मे गाणे, निम्म्या गप्पा असे भलतेच लांबलचक प्रकरण म्हटले. श्रोत्यांना ते इतके भावले की फर्माइशी थांबेनात. केंद्र जाहिराती घेणारे नव्हते, श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणारे होते. मग अट पडली, की मोठी रक्कम जमली तरच गाणे पुन्हा लागेल. फास खट्याळ. त्याने अधूनमधून अट उलटी फिरवली : हे गाणे आता थांबवावे असे ज्यांना वाटते, त्यांनी पैसे पाठवावेत!

गणपतीची वर्गणी गोळा करणाऱ्या आपल्याकडच्या पोरांनाही न सुचलेली ही तऱ्हा. पण तिची पाळेमुळे न्यूयॉर्कमध्ये नव्हती. ती होती अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावात. डब्ल्यूबीएआय ज्या पॅसिफिका फाउंडेशनचे, त्याचे पहिले केंद्र म्हणजे बर्कलीचे केपीएफए. १५ एप्रिल १९४९ रोजी ते सुरू झाले. ‘ऐकणाऱ्याने पैसे द्यावेत’ या एका कल्पनेवर त्याने पाऊणशे वर्षे काढली. या काळात श्रोत्यांनी ते वाचवले, घडवले आणि खुद्द श्रोत्यांपायीच ते अनेकदा मेटाकुटीलाही आले.

कल्पना लुइस हिल याची. हा कवी वृत्तीचा, युद्धाला विरोध करणारा माणूस. दुसऱ्या महायुद्धात त्याने हाती शस्त्र घ्यायला नकार दिला आणि अशा लोकांसाठी सरकारने उघडलेल्या श्रमशिबिरात दिवस काढले. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, त्याने आणि त्याच्या शांततावादी मित्रांनी पॅसिफिका फाउंडेशन स्थापन केले. हिलचे म्हणणे साधे होते. साबण विकणाऱ्याच्या पैशावर रेडिओ चालला, तर निवेदक साबणवाल्याच्या मनातले बोलणार. सरकारच्या पैशावर चालला, तर सरकारच्या मनातले. निवेदकाला स्वतःच्या मनातले बोलू द्यायचे असेल, तर पैसा ऐकणाऱ्याकडूनच यायला हवा.

त्याने हिशोबही मांडला होता. परिसरातल्या संभाव्य श्रोत्यांपैकी शंभरातल्या दोघांनी वर्षाला १० डॉलर दिले, की केंद्र चालेल. गंमत अशी की रेडिओ कोणालाही फुकट ऐकू येतो, पैसे दिले नाहीत म्हणून कोणाचा संच बंद पडत नाही. म्हणजे अठ्ठ्याण्णव लोक फुकट ऐकणार हे हिलने धरूनच चालले होते. दोघांनी पैसे द्यायचे ते केवळ हे केंद्र असावे असे वाटते म्हणून. ज्या मराठी समाजाने पैसा-पैसा जमवून पैसा फंड उभारला आणि १९०८ मध्ये तळेगावात काच कारखाना काढला, त्याला हे गणित परके वाटू नये.

पण कागदावरचे गणित आणि गल्ल्यातली रोकड यांत अंतर असतेच. हिलला हवी होती ती मध्यम लहरींवरची जागा मिळाली नाही, मिळाले एफएम. आज एफएम म्हटले की गाडीत, फोनमध्ये, सगळीकडे. १९४९ मध्ये मात्र एफएम पकडणारे संच फार थोड्या घरांत होते. मुळात ऐकणारेच मूठभर, त्यांतले दोन टक्के कितीसे भरणार? सोळा महिन्यांतच, ऑगस्ट १९५० मध्ये, पैशाअभावी केपीएफए बंद पडले.

इथे गोष्ट संपायची, ती संपली नाही. मूठभर असले तरी ते श्रोते हट्टी निघाले. त्यांनी सभा घेतल्या, दारोदार फिरले, वर्गण्या गोळा केल्या. मे १९५१ मध्ये केंद्र पुन्हा बोलू लागले. त्याच वर्षी फोर्ड फाउंडेशनच्या प्रौढशिक्षण निधीने तीन वर्षांसाठी दीड लाख डॉलर दिले. तेव्हा केपीएफए केवळ वर्गणीवर जगले असे म्हणणे खरे नव्हे. मोठ्या देणगीदाराचा टेकू त्यालाही लागला. मात्र तो टेकू मिळाला तो श्रोत्यांनी जीव लावून केंद्र परत उभे केल्यानंतर, हा क्रम विसरता येत नाही.

वर्गणीदाराला त्या बदल्यात मिळायचे काय? ‘फोलिओ’ नावाची कार्यक्रमपत्रिका. कोणत्या दिवशी किती वाजता काय लागणार, ते तिच्यात असायचे. नियतकालिकाचा अंक पोस्टाने यायची वाट पाहणाऱ्या पिढीला त्या पत्रिकेचे मोल सांगायला नको.

पैशापेक्षाही मोठी देणगी मिळाली ती वेळेची. कवी केनेथ रेक्सरॉथ आठवड्याला पुस्तकांवर बोलायचे. झेन आणि वेदान्त अमेरिकनांना समजेल अशा भाषेत सांगणारे अ‍ॅलन वॉट्स १९५३ पासून बोलू लागले. दोघेही बिनपैशाचे. वॉट्स १९७३ मध्ये वारले, पण ध्वनिफितींवरचा त्यांचा आवाज त्यानंतरही केंद्रावर ऐकू येत राहिला. चित्रपटांवर बोलायला यायच्या पॉलीन केल. पुढे ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात लिहून त्या अमेरिकेतल्या सर्वांत दबदब्याच्या समीक्षक झाल्या. पण तिखट, समोरच्याला बोलता बोलता चिमटा काढणारी त्यांची शैली तासली गेली ती याच फुकटच्या ध्वनिक्षेपकासमोर.

आणि याच केलबाईंनी फुकटच्या सेवेची दुसरी बाजूही ऐकवली. १९६० नंतरच्या सुरुवातीच्या काळात त्या केंद्राच्या कारभाराला आणि वर्षानुवर्षे एक छदामही न मिळण्याला कंटाळल्या. राजीनामा त्यांनी चिठ्ठी लिहून दिला नाही. ध्वनिक्षेपकासमोर बसून, श्रोत्यांच्या साक्षीने, कारभाऱ्यांना खडे बोल सुनावत त्या बाहेर पडल्या. स्वयंसेवकाला पगार नसतो, म्हणून त्याला नोकरी जाण्याची भीतीही नसते. व्यवस्थापनाला स्वयंसेवक हवेहवेसे वाटतात आणि नकोसेही, ते याच कारणाने.

भांडणे आधीपासून होतीच. पगार तुटपुंजे, ध्येय आभाळाएवढे आणि प्रत्येकाला वाटे की खरे केपीएफए आपल्यालाच कळले. अंतर्गत कलहाला कंटाळून हिलने १९५३ मध्ये राजीनामा दिला, पुढच्या वर्षी तो परतला. पाठीच्या दुखण्याने जर्जर झालेल्या या माणसाने १९५७ च्या ऑगस्टमध्ये आयुष्य संपवले. वय ३८.

केंद्र चालत राहिले, वाढलेही. १९५९ मध्ये लॉस एंजेलिसला केपीएफके निघाले. १९६० मध्ये लुई श्वाइट्झर या कागद उद्योगातल्या धनिकाने न्यूयॉर्कचे आपले डब्ल्यूबीएआय पॅसिफिकाला देऊन टाकले. धंद्याचे रेडिओ केंद्र कोणी दान करतो, हे ऐकून लोकांना आधी चेष्टा वाटली असेल. मार्च १९७० मध्ये टेक्सासमधल्या ह्यूस्टनला केपीएफटी सुरू झाले आणि तिथे वर्गणीऐवजी बॉम्ब आले. १२ मे रोजी स्फोटाने प्रक्षेपक उडवला. लोकांनी तो पुन्हा उभारला. ६ ऑक्टोबरला दुसरा स्फोट झाला. त्या वेळी हवेत होते तेच ‘अ‍ॅलिसेज रेस्टॉरंट’. स्फोटामागे कू क्लक्स क्लॅन ही वर्णद्वेषी संघटना होती. जानेवारी १९७१ मध्ये केंद्र पुन्हा सुरू झाले, तेव्हा आर्लो गथ्री स्वतः ह्यूस्टनला आला आणि ते गाणे त्याने तिथे गायले. गाणे थांबवायला पैसे मागणारे एक केंद्र, बॉम्बने गाणे तोडले गेलेले दुसरे केंद्र, आणि दोन्ही एकाच कुटुंबातली!

या दुसऱ्या स्फोटानंतर दोन महिन्यांनी, डिसेंबर १९७० मध्ये, न्यूयॉर्कच्या केंद्राने टॉलस्टॉयची ‘वॉर अँड पीस’ अथपासून इतिपर्यंत वाचली. चार दिवसांहून अधिक काळ, रात्रंदिवस. वाचणारे शंभराहून जास्त, त्यात डस्टिन हॉफमनसारखा नट होता आणि साधे हौशी वाचकही. धंदेवाईक केंद्राच्या हिशोबनिसाने असा प्रस्ताव हातात धरला नसता. दासनवमीच्या अखंड पारायणाची सवय असलेल्या आपल्या माणसांना मात्र त्यात वावगे काही वाटणार नाही.

वर्गणी मागण्याच्या पद्धती दरम्यान बदलत गेल्या. वर्षातून काही वेळा ‘मॅरेथॉन’ भरू लागली : नेहमीचे कार्यक्रम बाजूला, निवेदक ध्वनिक्षेपकावर आर्जवे करतोय, शेजारच्या खोलीत स्वयंसेवक फोन उचलून नाव, पत्ता, रक्कम लिहून घेताहेत. ‘फोलिओ’च्या जोडीला पुढे कॉफीचे मग, पिशव्या, पुस्तके, ध्वनिफिती अशा भेटी आल्या. अमुक रकमेला अमुक भेट. इथे हिलच्या कल्पनेला बारीक तडा गेला. भेटीसाठी पैसे देणारा हा वर्गणीदार की गिऱ्हाईक? काही केंद्रांवर मॅरेथॉन इतक्या लांबल्या की श्रोते कंटाळून संच बंद करू लागले. आरोग्याचे अचाट दावे करणाऱ्या तबकड्या भेट म्हणून वाटल्या गेल्या, त्यावरही सडकून टीका झाली. जाहिराती नकोत म्हणून निघालेल्या केंद्राने दिवसच्या दिवस स्वतःचीच जाहिरात करावी, हा विनोद त्या श्रोत्यांनाही कळत होता.

१९९९ मध्ये मालकी कोणाची, हा प्रश्न रस्त्यावर आला. पॅसिफिकाच्या राष्ट्रीय कारभारी मंडळाने केपीएफएची व्यवस्थापक बदलली. कारभारातल्या वादांवर कार्यक्रमांत बोलायला बंदी घातली. त्यातच एका संचालकाचा ई-मेल चुकून बाहेर पडला आणि त्यात केंद्र विकण्याचा विचार असल्याचे दिसले. १३ जुलैच्या संध्याकाळी ‘फ्लॅशपॉइंट्स’ या कार्यक्रमाच्या निवेदकाने तरीही त्या वादावर कार्यक्रम केला. त्याला बाहेर काढायला सुरक्षारक्षक आले, आणि ही ओढाताण श्रोत्यांना थेट ऐकू गेली. लोक गाड्या काढून केंद्रासमोर धावले. त्या रात्री पन्नासहून अधिक जणांना अटक झाली. कर्मचाऱ्यांना बाहेर ठेवून दारे लावली गेली, आत जुन्या ध्वनिफिती वाजत राहिल्या आणि बाहेर पदपथावर तंबू पडले. ३१ जुलैच्या मोर्चात सुमारे दहा हजार माणसे होती. एका एफएम केंद्रासाठी!

ही माणसे ‘आमचे केंद्र’ म्हणत होती आणि तो शब्दाचा खेळ नव्हता. ती इमारत, तो प्रक्षेपक, तिथले टेप रेकॉर्डर यांच्या पावत्या त्यांच्या घरी होत्या. सुमारे तीन आठवड्यांनी दारे उघडली. खटले पुढे दोनेक वर्षे चालले आणि तडजोडीतून नवी घटना आली. तिच्यातले एक कलम जगातल्या कोणत्याही सार्वजनिक संस्थेने वाचावे असे आहे. वर्षभरात किमान २५ डॉलर दिलेल्या किंवा किमान ३ तास बिनपगारी काम केलेल्या माणसाला केंद्राच्या स्थानिक मंडळाच्या निवडणुकीत मत. ज्याच्याकडे पैसे नाहीत, त्याने पाकिटांवर तिकिटे चिकटवावीत. दोघांच्या मताची किंमत एकच.

हे लोकशाहीचे औषध जालीम ठरले, म्हणजे त्याचे अपायही झाले. निवडणुकांना पैसा लागतो, गट पडतात, निवडून आलेले मंडळ कार्यक्रमांपेक्षा एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्यांत रमते. मधल्या काळात न्यूयॉर्कच्या केंद्राचे देणे फुगत गेले. एम्पायर स्टेट इमारतीवरच्या अँटेनाच्या थकलेल्या भाड्यापोटी २०१७ मध्ये न्यायालयाने १८ लाख डॉलरचा निकाल पॅसिफिकाविरुद्ध दिला. ते फेडायला कर्ज काढावे लागले. ७ ऑक्टोबर २०१९ रोजी राष्ट्रीय कार्यालयाने डब्ल्यूबीएआयच्या कर्मचाऱ्यांना घरी पाठवून स्थानिक कार्यक्रम बंद केले. महिनाभर न्यायालयात झोंबाझोंबी झाल्यावर ते परत आले. वर्गणीदाराला मालक केले की तो मालकासारखा भांडतो. ते नको असेल, तर साबणवाला आहेच.

भारतात हवेतल्या लहरी कोणाच्या, हा प्रश्न क्रिकेटच्या वाटेने आला. एका स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होते पी. बी. सावंत. पण सरकारने सामाजिक संस्थांना रेडिओ चालवायची मुभा दिली ती नोव्हेंबर २००६ मध्ये, अकरा वर्षांनी. त्यानंतर १५ ऑक्टोबर २००८ रोजी तेलंगणातल्या झहीराबादजवळ माचनूर इथे दलित शेतकरी स्त्रियांचे ‘संघम रेडिओ’ बोलू लागले. त्याच वर्षी साताऱ्यातल्या दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवडला, माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली.

दोन्हीकडच्या मापातच मोठा फरक आहे. केपीएफएची प्रक्षेपणशक्ती ५९ हजार वॉट. आपल्या सामुदायिक केंद्राला साधारणपणे १०० वॉट, म्हणजे जेमतेम दहा-बारा किलोमीटरचा टापू. त्यावर बातम्या स्वतः द्यायच्या नाहीत. २०१२ मध्ये लहरींचे वार्षिक शुल्क १९,७०० वरून एकदम ९१,००० रुपये करण्यात आले, तेव्हा देशभरातल्या केंद्रांनी आवाज उठवला आणि वाढ मागे घ्यावी लागली. तो बहुधा या चळवळीचा सर्वांत एकजुटीचा क्षण. आपल्या धोरणाने उत्पन्नाची वाट आखली ती मुख्यतः जाहिरातींच्या मिनिटांत. सुरुवातीला तासाला ५ मिनिटे, मग ७, फेब्रुवारी २०२४ पासून १२. श्रोत्याला वर्गणीदार करून घेणे आणि वर्गणीदाराला मत देणे, हा विचार त्या धोरणाच्या वाऱ्यालाही उभा राहिलेला नाही. ही उणीव मिनिटे वाढवून भरून निघणारी नाही.

२०२४ मध्ये सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ५२ वरून ७४ रुपये झाला. तासातली बाराच्या बारा मिनिटे विकली गेली, तर केंद्राच्या पदरात ५,३२८ रुपये पडतात. विकली गेली तर.