मॅकबेथच्या अंगातले दूध

इंग्रजीत कुणाच्या दयाळूपणाची वाखाणणी करायची झाली, की ‘मिल्क ऑफ ह्यूमन काइंडनेस’ हा वाक्प्रचार हमखास कामी येतो. तो पहिल्यांदा जिच्या तोंडी आला, ती मात्र वाखाणणी करत नव्हती. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये (लेखन साधारण १६०६, छपाई १६२३च्या फर्स्ट फोलिओत) पहिल्या अंकाच्या पाचव्या प्रवेशात लेडी मॅकबेथ नवऱ्याचे पत्र वाचते आणि धास्तावते. मुकुटाकडे जाणारी जवळची वाट खुनाची आहे, आणि याच्या अंगात तर हे दूध फार! तिच्या लेखी हा गुण नव्हे, खोट आहे. मराठीत या दुधाला ‘दया’ म्हणून आपण मोकळे होतो. पण इथे शब्द हवा तो ‘माणुसकी’, आणि तोही ‘माणूसपण’ या मूळ अर्थासकट.

फोलिओत छापले आहे ‘ह्यूमेन’. त्या काळी ‘मानवी’ आणि ‘सहृदय’ हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदत होते. दोन स्पेलिंगांत त्यांची वाटणी पुढे अठराव्या शतकात झाली. ‘काइंड’ म्हणजे मुळात जात, उपजत प्रकृती. नातलगवाचक ‘किन’ हा त्याचाच भाऊबंद. रिचर्ड मोल्टन यांनी १८८५मध्ये हे शब्द जोडून ‘मानवजातपण’ अशा अर्थाने वाचावेत असे सुचवले होते. यावर कुणी म्हणेल, स्पेलिंग हा छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्याचा कारभार, त्यावर अर्थाचा डोलारा कसा उभारायचा? आक्षेप रास्त आहे. म्हणून साक्ष नाटकाचीच काढावी. सातव्या प्रवेशात मॅकबेथ खुनाविरुद्धची कारणे स्वतःशी मोजतो, तेव्हा आधी नाती येतात: डंकन आपला आप्त, आपला राजा, आणि आज आपल्या घरचा पाहुणा. करुणा येते ती नंतर, आणि तीही उघड्या, नवजात बालकाच्या रूपात. दूध आणि तान्हे मूल यांची ही सांगड योगायोगाची वाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. ज्याने रणांगणावर शत्रूला बेंबीपासून जबड्यापर्यंत उभा चिरला, असे दुसऱ्याच प्रवेशात कळते, त्याच्यात कसली माणुसकी? दयेच्या अर्थाने पाहिले तर हा प्रश्न निरुत्तर करतो. माणूसपणाच्या अर्थाने मात्र विसंगती उरत नाही: बंडखोराला कापणे त्या समाजात योद्ध्याचे कर्तव्यच, झोपलेल्या पाहुण्याला मारणे म्हणजे माणसांच्या गोतातून बाहेर पडणे. ‘कोरिओलेनस’मध्येही मेनेनिअस म्हणतो, की या माणसात दया शोधणे म्हणजे वाघाच्या नरात दूध शोधणे. म्हणजे दूध नसणे ही तिथेही पशूची खूण. ‘किंग लिअर’मध्ये गॉनरिल नवऱ्याला दुधाळ काळजाचा म्हणून हिणवते, दुधाला भित्रेपणाशी जोडायची तिची खोड लेडी मॅकबेथच्या जातकुळीतलीच.

मराठी अनुवादकाला ‘मायेचा पान्हा’ म्हणायचा मोह होईल, पण तो टाळावा. पान्हा फुटतो तो पाजणारीला; मॅकबेथच्या अंगातले दूध त्याने पिऊन मुरवलेले आहे, ‘आईचे दूध प्यायला असशील तर’ या आव्हानातल्यासारखे. फरक इतकाच, की आपण त्या दुधाकडे शौर्य मागतो आणि लेडी मॅकबेथला ते शौर्याच्या आड येणारे वाटते. ‘पान्हा’ शब्द चपखल बसतो तो त्याच प्रवेशात, थोड्याच वेळाने, तिच्या स्वतःच्या बाबतीत. काळ्या शक्तींना हाक मारून ती आपल्या स्तनांतले दूध नेऊन त्याजागी पित्त मागते.