'नॉ' म्हणजे नुसते चावणे नव्हे



इंग्रजीच्या पुस्तकात जी, एन, ए, डब्ल्यू या चार अक्षरांचे एक क्रियापद येते. उच्चार 'नॉ'. पहिला 'जी' लिहायचा, पण बोलायचा नाही. जुन्या इंग्रजीत तो बोलला जात असे. पुढे उच्चार गळाला, स्पेलिंग मात्र तसेच राहिले.

बरेच विद्यार्थी वहीत 'नॉ म्हणजे चावणे' असे लिहितात. हा अर्थ अपुरा आहे. कुत्रा एकदा चावला तर इंग्रजीत 'बाइट'. तोच कुत्रा हाडूक धरून बसला आणि चघळतच राहिला तर 'नॉ'. थोडे थोडे, पुन्हा पुन्हा, चिकाटीने दात चालवणे हा त्याचा खरा अर्थ.

याचे उत्तम उदाहरण उंदीर. उंदीर, घूस, खार यांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. कुरतडल्याने ते झिजतात आणि धारदारही राहतात. म्हणूनच उंदीर धान्याबरोबर पोते, लाकूड आणि वहीसुद्धा कुरतडतो. या प्राण्यांना इंग्रजीत 'रोडन्ट' म्हणतात. हा शब्द कुरतडणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला आहे.

वापर लक्षात ठेवा. भूतकाळी रूप 'नॉड'. वस्तू कुरतडत राहणे म्हणजे 'नॉ अ‍ॅट'. कुरतडून आरपार जाणे म्हणजे 'नॉ थ्रू'. दाताशिवायही हा शब्द चालतो. चिंता मनाला लागून राहते, तेव्हा इंग्रजीत ती 'नॉ' करते. मराठीत ती मन पोखरते.

म्हणजे एका 'नॉ'साठी आपल्याकडे कुरतडणे, चघळणे आणि पोखरणे असे तीन शब्द आहेत. घरच्या आजी-आजोबांना ते सहज सुचतात.

पालकांना आमची एक विनंती. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आपला भाग मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा जिल्हाही झाला. मुलांच्या कानावर घरात मराठी, बाजारात हिंदी आणि वर्गात इंग्रजी पडते. हिंदीतला 'कुतरना' त्यांना ठाऊक असतो, पण 'कुरतडणे' विचारले की पुष्कळ मुले थांबतात. घरचा नेमका शब्द हरवला की परका शब्दही अर्धवटच कळतो. तेव्हा मुलांशी बोलताना हे शब्द मुद्दाम वापरावेत.

मित्रांनो, आता वहीत 'चावणे' खोडून 'कुरतडणे' लिहा आणि तिन्ही मराठी शब्दांचे एकेक वाक्य करून आणा.